हवेवरची झाडं

प्लंबरबाबांच्या हातात पाना दिसला, की गळका नळ घाबरून आपोआप बंद व्हायचा. एकदा तर म्हणे ते नुसते खाकरले आणि तिन्ही मजल्यांच्या तुंबलेल्या मोऱ्या धडाधड मोकळ्या झाल्या. असा माणूस पाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकणार? बायकोचं तर नाहीच नाही.

ती गेली आणि खिडकीत तारेला टांगलेली तिची झाडं मागे राहिली. ना कुंडी, ना माती. हिरव्या कोळ्यांसारखी, हवेवर जगणारी.

मुलगा टपलेलाच होता. ही जागा विकायची आणि बाबांना आपल्या घरी हॉलमध्ये पलंग टाकून द्यायचा, असा त्याचा बेत. बाबा जागचे हलेनात.

"मला एकट्याला सगळं जमतं."

"बरं," सून साखर पेरत म्हणाली, "आईंच्या झाडांतलं एक जरी उन्हाळाभर जगवलंत, तरी आम्ही जागेचा विषय काढणार नाही."

"एक? अगं सूनबाई, अख्ख्या गावाला पाणी पाजलंय मी!"

बायको झाडं पातेल्यात बुडवून ठेवायची, मग उलटी करून झटकायची आणि उलटीच टांगायची. बाबांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. "बाळांना ढेकर काढतेस का गं?" म्हणून चिडवलंही होतं. ती सांगायला लागायची, "अहो, पोटात पाणी राहिलं ना, तर..." तेवढ्यात बाबा रेडिओ मोठा करायचे.

आता त्यांनी झाडांना यथासांग आंघोळ घातली. पण उलटी टांगली की ती फरशीवर ठिबकत. टप. टप. उभा जन्म गळती थांबवण्यात गेलेल्या माणसाच्या घरात गळती? त्यांनी पाइपाचे तुकडे कापले, बूड बंद केलं, खिडकीत ओळीनं बसवले आणि एकेक झाड त्यात सरळ उभं केलं. फरशी अशी कोरडी, की मुंगी तहानेनं मेली असती.

उन्हाळा सरला. मुलगा-सून आली. वरून हिरवीगार झाडं पाहून मुलाचा चेहराच पडला. त्यानं एक उचललं. पानं हातात आली, बूड पाइपात राहिलं. काळा, आंबूस लगदा.

"अगंबाई!" सुनेनं नाक दाबलं.

दुसरं तसंच. तिसरंही.

"आई काय करायची हो यांना?" मुलानं विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. 'पोटात पाणी राहिलं ना, तर' याच्यापुढचं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

मुलानं श्वास सोडला. डोक्यावरचं पोतं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा. लगेच कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "हां, ठरलं. उद्या या जागा बघायला."

शेवटचं झाड बाबांनी स्वतः ओढलं. ते तुटेना. त्याचा पाइप खिडकीबाहेर तिरका कलला होता; पाणी आपसूक बाहेर निथळून गेलं होतं. बूड घट्ट, टणक. बाजूला एक इवलंसं पिल्लू फुटलेलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो फोनवर हसत होता. बापाशी बोलताना असं हसलेला त्यांना आठवेना.

"ते तरी जगलंय का, बाबा?" सुनेनं विचारलं. आवाजातली साखर पार विरघळली होती.

"नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी ते झाड कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबलं. "हेही सडलं. माझा पलंग तेवढा खिडकीपाशी टाका."

"बाबा, हॉलला खिडकी कुठाय?"