हंसाची सोळा अंडी

आमच्या गावात जे पोर शाळेत पहिलं येतं, त्याच्या डोक्याचं निम्मं श्रेय माझ्या हंसांना देतात. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. मी फक्त नाही म्हणत नाही.

आमच्या थाय बिन्ह प्रांताच्या बाजूला पोटुशी बाईला हंसाचं अंडं खायला घालतात. त्यानं मूल हुशार निपजतं. पुरुषात सात जीव आणि बाईत नऊ, असं आम्ही धरतो, म्हणून मुलगा असेल तर सात अंडी, मुलगी असेल तर नऊ. पंचक्रोशीतल्या गरोदर बायका त्यासाठी माझ्याच दारात येतात. माझं नाव मित, म्हणजे फणस. बाहेरून काटे आहेत हे मी कुणापासून लपवलेलं नाही.

तर लग्नाला पाच वर्षं झाल्यावर माझी सून मिएन गरोदर राहिली. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी, केसांना अजून रंगीत चिमटे लावते. तिनं सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघून मान डोलावली.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"कायद्यानं सांगता येत नाही, आजी."

"मग मी अंडी किती उकडू?"

तिनं पुढच्या बाईला हाक मारली. शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. मी घरी आले आणि सात अधिक नऊ, सोळा अंडी द्यायचं ठरवलं. कमी पडायला नको.

पण माझ्या घरात माझी एकटीची सत्ता चालली असती तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मिएनची आई, माझ्या विहीणबाई बा लुआ, पलीकडच्याच गावात राहतात. तालुक्याच्या बालवाडीत पोरांना जेवण रांधायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, त्यामुळं मूल या विषयावर आपणच शेवटचा शब्द, असं त्यांना वाटतं. बॅटरीच्या सायकलला दोन्हीकडं नारळ लटकवून त्या रोज सकाळी हजर.

"नारळपाणी प्यायलं की बाळ गोरं होतं, विहीणबाई."

"गोरं आणि बिनडोक काय कामाचं?"

"आणि हुशार आणि काळंकुट्ट?"

"माझ्या सुनेच्या पोटात आहे ते. तुमच्या बालवाडीत नाही."

"तुमची सून व्हायच्या आधी ती माझी मुलगी होती."

मिएन बिचारी मधे बसायची. एका हातात अंडं, दुसऱ्या हातात नारळ. हंसाचं अंडं म्हणजे मूठभर नसतं. ते ओंजळभर असतं. उकडलं की आतला बलक खडूसारखा कोरडा आणि वास हंसाच्या खुराड्याचा. मी खोटं कशाला बोलू? पण औषध कधी गोड असतं का?

विहीणबाईंनी सांगितलं, म्हशीचं दावं ओलांडू नकोस, नाहीतर मूल बारा महिने पोटात राहतं. आता गावात म्हैस उरली आहे एक, आणि ती बांधलेली असते देवळाच्या तळ्याकाठी. तरी पोरगी बाजाराला जाताना अख्ख्या तळ्याला वळसा घालून जायची. मी सांगितलं, हात डोक्याच्या वर नेऊ नकोस, बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते. म्हणून कपड्यांची दोरी मी कमरेएवढी खाली बांधून दिली. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी माझा मुलगा क्वेन याची चड्डी मानेत अडकवून एक हंस गावभर फिरला. लोक अजून त्या हंसाला क्वेन म्हणून हाक मारतात.

एका बाबतीत मात्र आम्हा दोघींचं कधी नव्हे ते एकमत होतं. खेकडा बंद. खेकडा आडवा चालतो, म्हणून खेकडा खाल्लेल्या बाईचं मूल पोटात आडवं येतं आणि जन्मल्यावर आडमुठं होतं. हे आमच्याकडं कुणालाही विचारा. ऐन उन्हाळ्याचे दिवस, घरोघरी मायाळूची भाजी घालून भातशेतातल्या खेकड्यांचं सार शिजत होतं, सोबत खारवलेली पांढरी वांगी. आम्ही तिच्यासमोर वाट्याच्या वाट्या रिचवत होतो. तिच्यापुढं अंडं.

सातव्या महिन्यात तपासणीला आम्ही तिघी गेलो. डॉक्टरणीनं पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाळ महिन्यांच्या मानानं बारीक आहे. आईचं वजनही वाढायचं सोडून कमी झालंय. असंच राहिलं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल करावं लागेल, आणि तिथंही मी खात्री देत नाही. काय खाता तुम्ही?"

"सगळं खाते," मी म्हटलं.

"मी त्यांना विचारलं, आजी."

मिएननं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि म्हणाली, "सगळं."

डॉक्टरीण काही दुधखुळी नव्हती. तिनं खोदून खोदून विचारलं आणि अंडी, नारळ, दावं, खेकडा सगळं बाहेर काढलं. मग म्हणाली, "अंडं वाईट नाही. पण हंसाच्या अंड्यात कोंबडीच्या अंड्याहून वेगळी जादू नाही, चरबी तेवढी जास्त. त्यानं डोकं वाढत नाही. एका अंड्यानं पोट गच्च झालं तर बाकीचं जेवायचं कधी?"

"ऐका, विहीणबाई, ऐका," बा लुआ म्हणाल्या. "डॉक्टर सांगतायत."

"आणि नारळपाण्यानं बाळाचा रंग बदलत नाही. रंग आईबापाकडून येतो."

"हे मात्र ही पोरगी बरोबर बोलली," मी म्हटलं.

"हात वर केल्यानं नाळ गुंडाळत नाही. दावं ओलांडल्यानं काही होत नाही, फक्त अडखळून पडू नका. मासे, मांस, पालेभाज्या, भात आणि नीट शिजवलेले खेकडेसुद्धा खायचे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

त्या मी बंद केल्या होत्या. पोरीला काळी शी व्हायला लागली होती, तसं मी सांगून टाकलं. पोटात लोखंड साचून गंजलं तर?

"काळी होणारच, आजी. त्याला घाबरायचं नाही. आजपासून परत सुरू करा."

घरी येताना विहीणबाई आणि मी दोन दिशांना तोंडं करून चाललो होतो. डॉक्टरणीनं त्यांचं खोटं पाडलं याचा मला आनंद, माझं खोटं पाडलं याचा त्यांना. आपलं स्वतःचं कुणी ऐकलंच नव्हतं. मी मनाशी म्हटलं, बाळ बारीक आहे ना, मग अंडी कमी पडतायत. त्याच आठवड्यात सोळा संपली की दुसरी फेरी सुरू करायची, असं मी ठरवून टाकलं. विहीणबाईंनी दोनाचे चार नारळ केले. गोळ्या तेवढ्या मी परत सुरू केल्या, कारण त्या फुकट मिळतात.

पण रात्रंदिवस डोक्यात एकच किडा. बाळ बारीक आहे. मिएनचे गाल बसले होते, मनगटं काटकीसारखी झाली होती. मी अंडं सोलून द्यायची, ती म्हणायची, "खोलीत निवांत खाते, आई." आणि ताटली रिकामी परत यायची. इतकं खाऊन पोरीला लागत कसं नाही?

उत्तर मला खुराड्यामागं सापडलं.

त्या दिवशी क्वेन घरीच होता. त्यानं बाळासाठी बांबूचा पाळणा केला होता, खुराड्याशेजारच्या पडवीत बसून, आठ दिवस खपून. पाळणा देखणा झाला. फक्त तो घराच्या दारातून आत जात नव्हता. उभा जात नव्हता, आडवा जात नव्हता. तर हा पाळणा परत सोडवत बसला असेल म्हणून मी मागं गेले, आणि बघते तर माझा तीस वर्षांचा घोडा पाण्याच्या पिंपामागं उकिडवा बसून हंसाचं अंडं खातोय. बाजूला मीठ, मिरपूड, लिंबाची फोड. नुसतं चोरून नाही, चवीनं.

"गाढवा! बाळाच्या तोंडातलं काढून खातोस?"

त्याचं तोंड भरलेलं. डोळे बाहेर आले, पण शब्द बाहेर येईना. मी पाठीत धपाटा घातला तेव्हा एकदाचा घास खाली उतरला.

"मिएननंच दिलं, आई."

"किती खाल्लीस आजवर?"

"पहिली दोन तिनं खाल्ली..."

"आणि बाकीची?"

त्यानं सदरा पोटावरून खाली ओढला. मी त्याच्या पोटाकडं बघितलं. खरंच की! सुनेचं पोट वाढायचं ते याचं वाढलं होतं. मग मी त्या पाळण्याकडं बघितलं. हंसाची चौदा अंडी पोटात गेलेला माणूस, आणि त्याला दाराची रुंदी कळत नाही.

"इतकी अंडी खाल्लीस, मग डोकं कुठंय तुझं?"

"अगं, ती पोटातल्या बाळाला लागू पडतात. माझं वय झालं आता."

"तुझ्या वेळी मी सातच्या सात खाल्ली होती रे!"

असं म्हटलं खरं, आणि म्हणता म्हणता माझ्याच तोंडून निघालेलं माझ्या कानात शिरलं. समोर क्वेन ओठाला लागलेला बलक जिभेनं टिपत होता. त्याच्याकडं बघून ही शंका मला तीस वर्षांपूर्वीच यायला हवी होती.

तेवढ्यात मागून मिएनचा आवाज आला. "त्यांना बोलू नका, आई. मीच देत होते. मला ते अंडं बघितलं तरी उमासे येतात."

"मग सांगायचं नाही? टाकून द्यायचं! पण मग खातेस तरी काय तू?"

ती खांबाला धरून उभी होती. पाच वर्षांत ह्या पोरीनं मला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. ती नुसती म्हणाली, "मला भूक लागते, आई. उठल्यापासून लागते. जेवणाच्या जागी अंडं येतं, मग नारळ येतो, पोट पाण्यानं डुचमळतं, आणि भूक तशीच राहते. परवा तुम्ही साराचं पातेलं घासायला ठेवलंत ना, मी त्याचा तळ बोटानं पुसून खाल्ला."

माझ्या घरात! नवरा गेल्यावर मी दोन पोरं वाढवली, तीन बिघे भात एकटीनं लावला, माझ्या दारातून भिकारी कधी रिकाम्या हातानं गेला नाही. आणि माझी सून, सात महिन्यांची पोटुशी, खरकटं पातेलं चाटते! विहीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी तालुक्यात दवंडी पिटली असती.

मी क्वेनच्या हातात बादली दिली. "शेतावर जा. भरून आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

"काय भरून?"

"खेकडे! अजून काय!"

त्यानं आणले. मी ते धुतले, कवचं काढली, उखळात घातले, चिमूटभर मीठ टाकलं आणि मुसळ उचललं. कांडता कांडता माझी आई आठवली. माझ्या वेळी ती पोटुशी होती तेव्हा घरात हंस नव्हता, धड भातही नव्हता. शेतात खेकडे होते, तिनं तेच खाल्ले. आणि आता माझ्याकडं बघा. डोक्याला काय कमी आहे? आडमुठी म्हणणारे गावात असतील, पण तोंडावर अजून कुणी म्हटलेलं नाही.

मुसळाचा आवाज फाटकापर्यंत गेला असणार. विहीणबाई सायकल टाकून धावत आल्या. एक नारळ गडगडत थेट हंसांत गेला.

"विहीणबाई! हे कुणासाठी?"

"मिएनसाठी."

"वेड लागलं का तुम्हाला? मूल आडवं येईल!"

"येऊ दे. आडवं पडायला आधी अंगात काही हवं ना? आत्ता तिथं आहे मूठभर."

मी कांडत राहिले. विहीणबाईंनी मिएनकडं बघितलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत, जसं आम्ही दोघींनी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. नारळातून बघितलं होतं, अंड्यातून बघितलं होतं. त्यांनी टोपीची दोरी दातात धरली, कारण आम्ही रडू आलं की तसंच करतो.

"मायाळू कुठाय?" त्या म्हणाल्या.

"परसात."

"तुम्ही जून पानं खुडता, मला माहीत आहे. मी खुडते."

सार उकळलं. खेकड्याचा गर वर जाड थरासारखा तरंगला, मी तो सगळाच्या सगळा मिएनच्या वाटीत ओतला. ती भातावर घेऊन जेवायला बसली. एक वाटी, दुसरी वाटी, परत भात. वर तळलेला मासा, वांगी. आम्ही दोघी समोर बसून बघत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो, कारण बोललो असतो तर भांडलो असतो, आणि तिच्या घासात व्यत्यय आला असता. क्वेन म्हणाला, "मला?" दोघी एकदम म्हणालो, "गप्प बस."

त्यानंतर तिच्या ताटाला कुणी हात लावला नाही. तिला जे हवं ते शिजलं, गोळी न चुकता गेली. विहीणबाई बाजारातून मासे आणायच्या, आणि ते ताजे नाहीत हे मी त्यांना रोज सांगायची.

पुढच्या तपासणीला दारात मी चपला काढायला उगाच वेळ लावला. आत गेल्यावर मी डॉक्टरणीच्या तोंडाकडं बघितलं नाही, तिच्या केसांतल्या चिमट्यांकडं बघत राहिले. लाल एक, हिरवा एक. यंत्र फिरलं. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं होतं. नखं लागत होती, पण मी सोडवलं नाही.

"वाढलंय," डॉक्टरीण म्हणाली. "चांगलं वाढलंय. अजून थोडं वाढायला हवं, पण आता मला काळजी नाही. दाखल व्हायची गरज नाही. आणि डोकं खाली आहे. आडवं नाही."

मी माझं मनगट सोडवून घेतलं. "माझ्या हातचं सार," मी म्हटलं.

"मायाळू कुणी खुडली?" विहीणबाई म्हणाल्या.

बाहेर ऊन रणरणत होतं. मिएन आमच्या पुढं चालत होती, आणि चौकातल्या शेवयांच्या टपरीशी थांबली. तिथल्या मोठ्या पातेल्यात तळ्यातल्या गोगलगाई शिजत होत्या. आंबट वास अख्ख्या रस्त्यावर.

"आई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी एकदम ओ दिली. "मला गोगलगाई खाव्याशा वाटतात."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. पोटुशीनं गोगलगाय खाल्ली की मूल लाळ गाळतं, हे आम्हाला दोघींना आमच्या आयांनी सांगितलं होतं.

"लाळ गाळेल ते," विहीणबाई पुटपुटल्या.

"कुठलं मूल गाळत नाही?"

त्यांनी विचार केला. बालवाडीत इतकी वर्षं काढलेली बाई, विचार करायला तिला वेळ लागला नाही. "गाळतात मेली सगळीच."

"मग लाळेरी शिवायला घ्या," मी म्हटलं, आणि टपरीवालीला सांगितलं, "तीन वाडगे दे गं. पोरीच्यात गोगलगाई जास्त घाल. आणि नीट शिजव, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."