दर मीटरला दोन सेंटीमीटर

आमच्या धरणगावात समुद्र कुणाच्या दारात नाही. मीही तो पाहिलेला नाही. पण माझी लेक दिपमाला कोकणातल्या एका दीपगृहात नोकरीला आहे. तीस मीटर उंच बुरूज, रोज त्याचा जिना चढते. हे सांगितलं की लोक असे बघतात, जसं काही मी पोरीला विहिरीत ढकललं. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, जीवराम आबा तर चारचौघांत एवढंच म्हणतात, "सरकारी नोकरी शे." कुठली, कसली, ते गिळून टाकतात.

मला त्याची चीड येते. म्हणून मी ते दीपगृहच घरात उभं करायचं ठरवलं.

मी शिवणकाम करते, मापावर माझं पोट आहे. दर मीटरला दोन सेंटीमीटर धरले, म्हणजे उंची साठ सेंटीमीटर. सुरेशचंदभाऊंच्या कापड दुकानातून ताग्याची रिकामी पुठ्ठ्याची नळी मागून आणली. नळी सरळसोट, दीपगृह मात्र खाली रुंद आणि वर निमुळतं. मग मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळत बसले, तळाला चाळीस थर, टोकाला चार. वरच्या सज्जाचा कठडा उदबत्तीच्या काड्यांचा आणि काळ्या दोऱ्याचा. दिव्याची खोली औषधाच्या पारदर्शक बाटलीची. आत टॉर्चचा बल्ब, आणि त्याच्याभोवती मोडक्या खेळण्याच्या मोटरवर फिरणारं चांदीच्या कागदाचं, एका बाजूला फट ठेवलेलं झाकण. दिपमालाने पाठवलेल्या फोटोत होते तसेच लाल-पांढरे पट्टे रंगवले.

शेवटी सज्जावर बाहुली उभी केली. दिपमालाची उंची एक मीटर साठ, म्हणून बाहुली तीन सेंटीमीटर आणि वर टेपवरच्या दोन बारीक रेघा.

"मोठी कर ना, दिसत नही," आबा म्हणाले.

"माप म्हंजे माप, आबा."

त्याच आठवड्यात दोंडाईच्याचे वनाभाऊ मुलाला, कुंदनला, घेऊन दिपमालाच्या लग्नाची बोलणी करायला आले. दिपमालाला रजा नव्हती. तिने फोनवर बजावलं होतं की त्यांना नोकरीचं आधी स्पष्ट सांग, लपवून ठरवलंत तर मी मांडवात येणार नाही. आबांनी मला बजावलं होतं की तू तोंड उघडू नको. मी दोघांनाही हो म्हटलं होतं.

चहा आला. वनाभाऊंची नजर कोपऱ्यातल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर गेली.

"अरे वा! दीपनगरनी चिमणी शे ना हाई?"

भुसावळच्या वाटेवर ती वीजकेंद्राची चिमणी सगळ्यांनीच पाहिलेली. चूक साहजिक होती. पण आबांनी ती झेलली.

"हां हां! आम्हनी पोर तठेच शे. भुसावळ काय, घरना मांगेच!"

वनाभाऊंचा चेहरा खुलला. जवळची नोकरी, कॉलनीतलं क्वार्टर, पोरगी सणावाराला घरी. खोटं कशाला बोलू, माझाही जीव क्षणभर लोभावला. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. लग्न तिथल्या तिथे जमलं असतं.

तेवढ्यात मला सज्जावरची बाहुली दिसली. दीपगृहाची चिमणी करायची म्हणजे तिला तिथून उपटावं लागणार. धुराड्यावर कोण उभं राहतं?

मी उठले, खिडकीचा पडदा ओढला आणि दीपगृहाचं बटण दाबलं. उजेडाचा झोत भिंतीवरून फिरत वनाभाऊंच्या कपाळावर आला.

"चिमणी नही, भाऊ. दीपगृह शे. मन्ही पोर कोकणमा, समुद्रना काठले शे. रातपाळीबी करस."

आबांना ठसका लागला. वनाभाऊंनी कप खाली ठेवला. "मंग लगीन नंतर नोकरी सोडी ना?"

"कपडा आखूड करता येस, भाऊ. पोर आखूड करता येत नही."

कुंदन वाकून सज्जाकडे बघत होता. "मावशी, ही इतकी लहान?"

"ती लहान नही. दीपगृह तेवढं उंच शे."

वनाभाऊ 'कळवतो' म्हणून उठले. कळवतो म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"बठ्ठं जमेल व्हतं! काबर बोलनी तू?" आबा दारातच गरजले. "उचल ते, कोठडीमा ठेव!"

मी उचललं. कोठडीत नाही, रस्त्याकडच्या खिडकीत, शिलाई मशीनशेजारी ठेवलं. तिथे दिवसभर गिऱ्हाइकं येतात. पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं: 'दीपगृह. इथे माझी मुलगी काम करते.' आबा वाचत उभे राहिले आणि पाय आपटत निघून गेले.

मग दिपमालाला फोन लावला.

"त्यास्ले सांगी टाकं का, आई?"

"सांगी टाकं."

"मंग?"

"'कळवतो' म्हनीसन निंघी ग्यात."

दीपगृह बाहुलीसकट खिडकीत मांडलंय, तेही सांगितलं. तिने विचारलं, "खिडकीमा मन्हं तोंड कोणीकडे शे?"

मी हात घालून बाहुली वळवली.

"गल्लीकडे," मी म्हटलं.