प्रबोधची धर्मपरिषद

प्रबोधच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की त्याच्या बायकोचं, ललिताचं, काही खरं नसे. सध्याचं खूळ म्हणजे प्राचीन ख्रिस्ती परिषदा आणि बायबलात कुठली पुस्तकं कशी आली ते. सिंगापुरात तांजोंग पगारला बँकेत दिवसभर नियम तपासून पोट भरत नसावं, स्वारी घरी आली की थेट चौथ्या शतकात जाऊन बसायची!

तेवढ्यावर भागलं असतं तर कोण कशाला बोलतंय? पण सिंगापूरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या उपासनेसाठी गीतपुस्तिका काढायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं, आणि पठ्ठ्याने ललिताच्या बाबांनी रचलेलं गीत गाळलं.

"प्रभू आमच्या ओट्यावर बसून भाकरी खातो, असं आहे त्यात. शास्त्रात कुठं आहे हे?"

"बरं झालं बाई, तू त्या परिषदांना नव्हतास. बायबल पाच पानांत आटोपलं असतं!"

ती हसली खरी, पण तिला फार लागलं होतं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. नगरच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं ते गीत इथे सगळ्यांना तिनेच शिकवलं होतं. दर रविवारी उपासनेनंतर, जेवणाआधी तेच व्हायचं.

रविवारी बुकित तिमाहच्या कॉन्डो सोसायटीत, फंक्शन रूममध्ये, उपासनेनंतर प्रबोध रंगात आला. "निकियाच्या परिषदेत मतं टाकून पुस्तकं निवडली, हा गैरसमज आहे. गावोगावच्या मंडळ्यांच्या उपासनेत ती कधीपासूनच वाचली जात होती. पुढच्या परिषदांनी नुसता शिक्का मारला."

"म्हणजे माणसं आधी, कमिटी नंतर?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या निशिकांतकाकांनी विचारलं.

"अगदी बरोबर!"

बिर्याणीचा वास सुटला होता. प्रबोधने पेटी ओढली आणि सवयीने बाबांच्याच गीताचे सूर धरले. सगळे उभे राहिले. नव्या कोऱ्या पुस्तिका खुर्च्यांवर तशाच मिटलेल्या. भाकरीच्या ओळीला सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? प्रबोधचाच, तोही डोळे मिटून! गप्प राहायचं ठरवून आलेली ललिता पदर डोळ्यांना लावून गात होती.

"मंडळीने तर गायलं," जेवताना ती त्याच्या कानाशी म्हणाली. "शिक्का कधी मारताय, साहेब?"

प्रबोधने तिच्या पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान उघडलं, खिशातून पेन काढलं.

"गीत पाठ आहे गं. बाबांचं पूर्ण नाव सांग, वर तेच आधी लिहितो."

ललिताने ताट बाजूला ठेवलं आणि एकेक अक्षर नीट सांगितलं.