अकरा गार नळ्या

मी ठसा बोलतोय. बोटाएवढा पोलादी ठसा. डोकं हातोडीचे घाव खाऊन पसरट झालेलं आणि तळाला ज्वारीच्या दाण्याएवढं पिंपळपान कोरलेलं. नमस्कार-चमत्कार राहू द्या, मी घाईत आहे. त्रेचाळीस वर्षं गप्प होतो, तेवढं पुरे झालं.

माझा जन्म एकोणपन्नास सालचा, नारायण पेठेतला. दत्तप्रसाद शिळीमकर तेव्हा एका बोळात बंदुकांचे बिघडलेले खटके दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. एक खरे शिकारी. दुसरे, बंदूक भिंतीवर टांगून पाहुण्यांसमोर मिशीवरून हात फिरवणारे. दुसऱ्या तऱ्हेचीच जास्त. त्याच वर्षी दत्तप्रसादांना स्वतःची बंदूक बनवायचा परवाना मिळाला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी मला बनवलं. एका मोडक्या कानशीच्या पोलादातून.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, बंदुकीचा अजून पत्ता नाही आणि शिक्का कसला करताय?"

"बंदूक कुणीही करेल. ती धरणाऱ्याच्या तोंडावर फुटणार नाही, हे कोण सांगणार?" दत्तप्रसाद म्हणाले.

ते सांगणारा मी.

कारखाना विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्याच्या कडेला गेला. तेव्हा तिथे बाभळी होत्या आणि मागे खाण होती. त्या खाणीत नळीची परीक्षा व्हायची. सरकारी तपासणी वेगळी; ही घरची. तयार नळी लाकडी चौकटीत आवळायची, तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि भिंतीआड उभं राहून लांब दोरीने खटका ओढायचा. नळी टिकली तर तिच्यावर माझं पान उठवायचं. पण एक अट होती. बार काढल्यावर नळी गरम असते. ती ऊब आहे तोवरच ठसा मारायचा. नळी गार झाली की पुन्हा बार, पुन्हा परीक्षा. "ऊब म्हणजे पुरावा," असं दत्तप्रसाद म्हणायचे. आणखी एक होतं: पानाचं टोक नेहमी नळीच्या तोंडाकडे, म्हणजे गोळी जाते त्या बाजूला.

पंच्याहत्तर साली मी कचरूच्या हातात आलो. कचरू रणपिसे, खाणीपलीकडच्या वस्तीतला. धोक्याचं काम वस्तीतल्या माणसाकडे का आलं, हे मी सांगायला नको. पण कचरूने ते असं केलं की सगळ्या कारखान्याला त्याचा हेवा वाटावा. आई लेकराचा ताप बघते तसा तो हात उलटा करून नळीला लावायचा. मग मला टेकवायचा आणि एकच घाव घालायचा. दुसरा कधी लागला नाही. त्याने माझ्या अंगावर कानशीने एक खाच पाडली होती. अंगठा त्या खाचेत बसवला की डोळे मिटूनही पानाचं टोक बरोबर तोंडाकडे यायचं. ती खाच फक्त त्याला ठाऊक होती, आणि मला.

आता त्या दिवसाकडे येतो. साल एक्याऐंशी, खंडेनवमी.

त्या दिवशी कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा असते. यंत्रं पुसून हार घालतात, हातोड्या पाटावर मांडतात, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. परीक्षेच्या चौकटीवरही झेंडूची माळ. मी पाटावर, हळदीकुंकवात माखलेला. कचरू तिथे नव्हता. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी तो दर वर्षी दसऱ्याला नागपूरला जायचा. त्या वर्षीही दोन दिवस आधीच गेला होता.

आणि अकरा नळ्या परीक्षेवाचून राहिल्या होत्या. जुन्या बंदुकांना बदलून द्यायच्या नळ्या, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना बंदूक दसऱ्याच्या मुहूर्तावरच घरी हवी होती. दत्तप्रसादांचा मुलगा विश्वजीत तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्यानेच सगळ्यांना शब्द दिला होता. पूजेतली चौकट मोडायची त्याला भीती वाटली. देव कोपेल! पण मला पाटावरून उचलायची भीती वाटली नाही. मी लहान, मला कोण बघतो?

सगळे पंगतीला बसले होते. विश्वजीतने आतून दार लावलं आणि अकरा नळ्या ओळीने मांडल्या. मला पहिल्या नळीवर टेकवलं.

गार. विहिरीच्या काठासारखी गार.

मी ओरडलो असतो, पण पोलादाला तोंड कुठे असतं? अकरा घाव बसले. धाकट्या मालकांना नळीवर पान असतं एवढं माहीत होतं. पानाला टोक असतं आणि त्याला दिशा असते, हे कधी बघितलेलं नव्हतं. त्यांचा अंगठा खाचेच्या नेमका उलट्या बाजूला होता. अकराही पानं उलटी बसली. टोकं दस्त्याकडे, बंदूक धरणाऱ्याच्या छातीकडे. मग मला पुसून, पुन्हा हळद लावून पाटावर ठेवलं. देव आणि गिऱ्हाईक दोघंही खूश.

तीन महिन्यांनी त्यातली एक फुटली. बजरंग नावाचा बँकेचा पहारेकरी सरावाचा बार काढत होता. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

फुटकी नळी कारखान्यात परत आली आणि तडक कुलपात गेली. कचरूला बोलावलं.

"माझ्या हातची नळी फुटणार नाही, मालक. मला दाखवा तरी," तो म्हणाला.

"ठसा आहे तिच्यावर. ठसा कुणाकडे असतो?" विश्वजीतने विचारलं.

"माझ्याकडं."

"मग दाखवायचं काय राहिलं?"

दत्तप्रसाद खाली मान घालून बसले होते. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं. पण विचारलं नाही. मोठ्या माणसांची ही खोड मी आयुष्यभर पाहत आलो आहे. उत्तर ठाऊक असलं की प्रश्नच विचारायचा नाही.

कचरूने मला टेबलावर ठेवलं, खाच वर येईल अशी, आणि निघून गेला. "बोटं घालवणारा" हे नाव मात्र त्याच्या मागोमाग वस्तीपर्यंत गेलं.

पुढे मी बऱ्याच हातांत फिरलो. मग चाचणीला यंत्र आलं, खूण लेझरने उमटायला लागली, आणि मी टाचण्या व बुरसटलेल्या किल्ल्यांसोबत खणात पडलो. खाणीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. खणात अंधार असतो, पण झोप नसते. मला एकच विचार छळायचा. एक फुटली. दहा अजून बाहेर आहेत. कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी खांद्याला. टोक छातीकडे करून.

खण उघडला तो उत्कर्षाने. ही विश्वजीतची नात, नुकतीच इंजिनियर झालेली. कारखान्याला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून खंडेनवमीला प्रदर्शन होतं आणि जुन्या वस्तू शोधायचं काम तिच्यावर आलं होतं. प्रवेशद्वारावर लावायची पाटी आधीच रंगवून आली होती: 'पंच्याहत्तर वर्षं. एकही नळी फुटली नाही.' माझ्यासाठी मखमल घातलेली काचेची पेटीसुद्धा तयार होती.

मला घेऊन ती कुलपाच्या कपाटाकडे वळली. किल्ली टाचण्यांतच होती. फुटकी नळी तिने उजेडात धरली. केळ सोलावं तशी उकललेली. तिने तिच्यावरचं पान पाहिलं. मग भिंतीवरच्या दुसऱ्या नळीवरचं पाहिलं. मग पुन्हा हे.

ती थेट केबिनमध्ये गेली. "आबा, हे काय आहे?"

विश्वजीत आता सत्तरीचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "जुनी गोष्ट आहे. एका कामगाराची चूक होती."

"पाटीवर तर एकही फुटली नाही असं लिहिलंय."

"समारंभाच्या पाटीवर अपघात लिहितात का?"

"हे पान उलटं का आहे?"

"उत्कर्षा, तू काल आलीस. हा कारखाना आम्ही पंच्याहत्तर वर्षं…"

"आबा, प्लीज. वर्षं नका सांगू. कोण कामगार, ते सांगा."

"कचरू. आणि आता हा विषय संपला."

त्यांचा विषय नेहमी असाच संपतो, दुसऱ्याच्या नावावर. उत्कर्षाने मला पर्समध्ये टाकलं, नळी ओढणीत गुंडाळली आणि स्कूटरला किक मारली.

कचरूचं घर दहा मिनिटांवर होतं. त्रेचाळीस वर्षांत कारखान्यातलं कुणी ती दहा मिनिटं चाललं नव्हतं. दार त्याची नात पूर्वा हिने उघडलं. शिळीमकर हे आडनाव ऐकल्यावर तिने दार अर्धं लावून घेतलं.

"आता काय राहिलंय न्यायचं?" ती म्हणाली.

"न्यायला नाही आले. विचारायला आले," उत्कर्षा म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

आतून आवाज आला, "येऊ दे गं तिला."

कचरू थकला होता, गुडघे गेले होते. उत्कर्षाने नळी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने सवयीने उलटा हात लावला. मग बोटाने पान चाचपलं आणि त्याचं बोट तिथेच थांबलं.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "टोक बघ. माझं असं येऊच शकत नाही." त्याने हात पुढे केला. तिने मला त्याच्या हातावर ठेवलं. अंगठा खाचेत बसला. काय सांगू! एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा मी नीट उभा राहिलो. "हे बघ, अशी खाच आहे. अंगठा इथं. मग चुकायची सोयच नाही."

"ही कधी तयार झाली?"

"दसऱ्याला गेलेल्या मालातली म्हणत होते. त्या मालाचा शब्द धाकट्या मालकांनी दिला होता."

"आणि तुम्ही दसऱ्याला…"

"नागपूरला. दर साली. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं ते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, आजोबा?" उत्कर्षा चिडून म्हणाली. तिचा राग आता त्याच्यावरही निघत होता.

कचरू हसला. "बोललो की. मला नळी दाखवा म्हणालो. त्रेचाळीस वर्षांनी दाखवलीस तू."

पूर्वा चहा आणायला उठली होती, ती दारातच उभी राहिली. आजोबांनी कधी कुणाची बोटं घालवली नाहीत, हे तिनेही त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं.

खंडेनवमी आली. पाटावर हत्यारं, झेंडू, धूप. मी पुन्हा हळदीत. जुने कामगार, नवे कामगार, चार पाहुणे. शेवटच्या रांगेत खुर्चीवर कचरू आणि शेजारी पूर्वा. विश्वजीतांनी त्याला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

भाषणं झाली. मग उत्कर्षा उठली आणि तिने सरळ पूजेतून मला उचललं.

"अगं, पूजेतलं आहे ते!" कुणीतरी ओरडलं.

"माहीत आहे. आधीही एकदा उचललंय," ती म्हणाली. तिने टेबलावर एक नवी नळी ठेवली, तिच्या शेजारी कापडात झाकलेलं काहीतरी, आणि मला विश्वजीतांच्या हातात दिलं. "पंच्याहत्तराव्या वर्षाची नळी. आबांनी ठसा मारावा."

टाळ्या पडल्या. कापडाखाली ती फुटकी नळी आहे, हे मला माहीत होतं. आबा चुकीच्या बाजूने पान उठवतील, मग ती कापड काढेल, असा तिचा बेत होता. पोरीचा बेत चांगला होता. पण झालं वेगळंच.

विश्वजीतांनी मला टेकवलं. मला धरलेला डावा हात नळीला लागला, आणि हातोडी वरच राहिली. त्यांचा घाम माझ्या अंगावरून ओघळला. टाळ्या विरल्या.

"गार आहे," ते म्हणाले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कचरू पूर्वाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला होता.

"त्या दिवशी पण होती का, साहेब?"

उत्कर्षाने कापडाला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

"होती," विश्वजीत म्हणाले. "अकरा होत्या, कचरू. अकराच्या अकरा गार होत्या. मी मारले ठसे."

कचरू हळूहळू चालत पुढे आला, हात पुढे केला आणि विश्वजीतांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं. पाहुण्यांपैकी एकाने उगाच टाळी वाजवायला सुरुवात केली. पूर्वाने त्याच्याकडे असं पाहिलं की टाळी तिथेच मेली.

ती पाटी त्याच दुपारी खाली उतरली. आता तिथे दुसरी आहे. उत्कर्षाने मजकूर लिहिला आणि विश्वजीतांनी खाली सही केली: 'एक नळी फुटली. बजरंग यांची तीन बोटं गेली. दोष कचरू रणपिसे यांचा नव्हता. दोष आमचा.' काही ज्येष्ठ नातेवाइकांना हे फार लागलं. घरचं घरात ठेवायचं होतं म्हणे. उत्कर्षा म्हणाली, "घरातच ठेवलं होतं, कपाटात. कुलूप लावून."

माझी काचेची पेटी रिकामी आहे. मी पुन्हा पर्समध्ये असतो. उत्कर्षा आणि पूर्वा सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून जातात, कधी सासवड, कधी खडकवासल्याच्या पुढची गावं. आबा आठवून आठवून नावं सांगतात. जुनी बंदूक समोर आली की पूर्वा पान बघते आणि उत्कर्षा मला शेजारी धरते. आजवर सात उलटी पानं सापडली. सातही नळ्या कापून टाकल्या.

तीन राहिल्या आहेत.

म्हणून मी घाईत आहे, म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, भिंतीवर ऐटीत टांगलेली एखादी जुनी बंदूक असेल, तर हार बाजूला करा आणि नळीच्या बुडाशी पिंपळपान शोधा. टोक तोंडाकडे असेल तर ते कचरूचं आहे, निश्चिंत राहा. टोक तुमच्याकडे असेल तर तिला हात लावू नका. घरातले मोठे म्हणतील, इतकी वर्षं काही झालं नाही, राहू दे. त्यांचं ऐकू नका.

आम्हाला कळवा. आम्ही निघालोच आहोत.