अंगठ्यावरचं पाप

“हिच्या हाताला यश नाही.” लहानपणी दाराआडून ऐकलेला आत्याचा तो आवाज आज पुन्हा तिच्या कानात वाजत होता. सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीतल्या यंत्रानं तिचा अंगठा परत नाकारला होता. अंगठा जुळल्याशिवाय गोळ्या नाहीत, आणि गोळ्यांवाचून घरी नवरा फेफऱ्यानं पडत होता. काल तर पेटत्या शेगडीपाशीच पडला.

रांगेत एका तेलवाल्याभोवती ही गर्दी! “यंत्राला काळीज नाही, पण नजर आहे! पापी हात बरोब्बर ओळखतं! सिद्ध तेल लावा, दिवा हिरवा करा!”

रांगेतल्या एका गवंड्यानं बोटाला तेल चोळलं, यंत्राच्या काचेवर टेकवलं. हिरवा! लोकांनी हात जोडले.

तिनंही चोळलं. लाल. पुन्हा चोळलं. लालच.

“मावशी, पाप जुनं दिसतंय,” तेलवाला हळहळला. “आठवून बघा.”

“काय केलंस गं बाई?” मागची बाई वीतभर सरकली. आणि ती बिचारी खरंच आपलं पाप आठवू लागली.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रांगेतल्या एका सुताराचाही अंगठा लागत नव्हता. त्यांनी त्याच्या बोटाला नळाचं पाणी लावलं, जरासं टिपलं. हिरवा!

“घ्या, नळही सिद्ध झाला!” कुणीतरी खिदळलं.

“कोरड्या कातडीचा ठसा यंत्राला नीट दिसत नाही. ओलावा मिळाला की दिसतो. तेलाची करामत एवढीच.” मग त्यांनी तिचा हात भिंगाखाली धरला. “काम काय करता?”

“इथल्याच चादरी धुते. सोड्यात.”

“दुखणाइतांचा घाम धुता धुता रेषाच झिजल्यात तुमच्या. यंत्र रेषा बघतं, पाप-पुण्य नाही. बाबांनो, बाटली विकत घेण्याआधी एवढं तरी विचारा: हेच पाण्यानं होतं का?”

तेलवाला बाटल्या गोळा करू लागला.

“पण माझ्या गोळ्या?” ती खिडकीला धरून म्हणाली. “मरेल हो तो!”

खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला,

“ताई, अंगठा लागला नाही तर साध्या सहीवर औषध देता येतं. पहिल्या दिवसापासून येतं.”

“मग बोलला का नाहीत?” तिनं विचारलं.

“तशा सह्या वाढल्या तर वरच्यांना वाटेल, यंत्र चालत नाही. म्हणून साहेबांनी सांगितलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही.”