उजव्याचे लाड

मित्रांनो, मी एक जुना डावा हात आहे, निलंग्याच्या पार्वतम्माचा. जेवायचं उजव्यानं, द्यायचं-घ्यायचं उजव्यानं. माझ्या वाट्याला उरलंसुरलं. मान मिळे तो फक्त सकाळी. अम्मा गळ्यातलं इष्टलिंग काढून माझ्या तळव्यावर ठेवी आणि उजवा त्याला भस्म लावून बेल वाही.

मग अम्माला लकवा झाला आणि उजवा लुळा पडला. घास, वेणी, नळ, सगळं मी शिकलो. खरं सांगतो, मी मनातून सुखावलो होतो. अडे ते पूजेलाच. लिंग मी धरलेलं, मग बेल कोण वाहणार? सेवेला येऊन राहिलेली लेक स्वप्नाली वाही.

"आपल्या हातानं पूजा न्हाई, तर जगून काय करू?" अम्मा म्हणे.

स्वप्नालीनं तिला नांदेडला आपल्या घरी आणलं. तिथल्या दवाखान्यात लुळ्या हाताला व्यायाम देणारा नवा रोबो होता. उजव्याला त्याच्या मऊ गादीवर निजवून पट्टे बांधले. समोर पडद्यावर खेळातल्या झाडाची संत्री. उजव्यानं जरा जोर लावला की उरलेला भार रोबो उचली. एक संत्रं तोडलं की सगळ्यांना कोण कौतुक! राबलो मी, आणि तूप त्याच्या पोळीवर. माझा जळफळाट झाला. मी सरळ पुढे झालो आणि त्याच्या आधी पडद्याकडे बोट नेलं.

"अम्मा, डाव्याला मधी आणू नका," व्यायाम घेणाऱ्या सबिहा मॅडम म्हणाल्या. "तोच सगळं करून राहिला, म्हणून उजवा आळसावला."

त्यांनी मला जाड पिशवीत बांधलं. घरीही तेच. मी काय चोरी केली होती?

महिने गेले. एका सकाळी पूजेपुरती पिशवी सोडली, लिंग माझ्यावर आलं. स्वप्नाली पुढे झाली.

"सर बाजूला. मी बघते," अम्मा म्हणाली.

उजव्यानं बेलाचं पान उचललं. ते निसटलं. पुन्हा उचललं, आणि अर्ध्यावर तो थरथरत थांबला. एरवी मी धावलो असतो. पण तळव्यावर लिंग होतं, हलता येईना. ये रे, मी मनात म्हटलं, थोडंच राहिलंय. पान तिरपं का होईना, लिंगावर पडलं. अम्मा रडत होती.

मित्रांनो, मी अजूनही उजव्यावर जळतो. तरी सांगतो, घरात कुणाचा हात लुळा पडला तर चांगल्या हाताला जरा आवरा, आजारी हाताला धडपडू द्या. आणि रात्री तेल चोळाल, तेव्हा दोन थेंब त्या चांगल्या हातालाही लावा. तोही दमलेला असतो.