त्र्यंबकच्या कापडी फुलावरचं फुलपाखरू

मी एक जुनं फुलपाखरू आहे. खरं तर फुलपाखरू जुनं होत नसतं. ऊन, वारा आणि पाखरं त्याला तेवढी सवड देत नाहीत. मला जुनं केलं ते गोंदानं. मित्रांनो, अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारतो. तुम्ही काही माझे मित्र नाही.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, कारळ्याच्या शेताच्या बांधावर मी कोषातून बाहेर आलो. कारळ्याचं फूल तुम्हाला नुसतं पिवळं दिसतं, कारण तुमची नजर जांभळ्या रंगापाशी संपते. त्याच्या पलीकडे आणखी एक रंग आहे. तुमचे मास्तर त्याला अतिनील म्हणतात आणि पुढच्या धड्याला लागतात. त्या रंगात पाकळ्यांचे शेंडे झळाळतात आणि मधला भाग काळाभोर दिसतो. मध कुठं आहे ते आम्हाला लांबूनच कळतं. माझ्या पंखांवरही ती झळाळी होती. माद्या मला तिच्यावरूनच ओळखत. तुम्हाला आम्ही सगळे सारखेच.

साल त्रेसष्टचं असेल. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत शेतातल्या गाण्याचं चित्रण होतं. पडदे रंगवणाऱ्या त्र्यंबकनं त्यासाठी कारळ्याची कापडी फुलं केली होती. ती इतकी हुबेहूब होती, की माणसं वाकून वास घेऊन बघायची. त्र्यंबकला चढलं. यांना फुलपाखरंसुद्धा फसतील, असं तो चहाच्या टपरीवर बोलून बसला. दिग्दर्शक अप्पांनी त्याला शब्दात पकडलं. फुलपाखरं बसली तर पडद्यावर तुझं एकट्याचं नाव येईल, नाही बसली तर पुढच्या चित्रपटाचं काम दुसरा करेल, असं त्यांनी चारचौघांत बजावलं. चित्रपट कृष्णधवल होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग त्र्यंबकचा मदतनीस पिराजी मच्छरदाणी घेऊन शेतात आला आणि आम्हाला डब्यात भरून घेऊन गेला.

डबा उघडला. समोर फुलांचा ताटवा होता म्हणे. मला ताटवा दिसलाच नाही. दिसल्या त्या विझलेल्या चिंध्या. झळाळी नाही, मधला काळा भाग नाही. झळाळी होती फक्त वर, चित्रणासाठी लावलेल्या कार्बनच्या मोठ्या दिव्यांत. माझ्या सोबतीच्यांना तेच आभाळ वाटलं. ती तिकडं गेली आणि तिथंच भाजली.

पिराजी म्हणाला, "मालक, एकबी फुलावर बसंना. समदी दिव्यात मराय लागल्यात."

"बेअक्कल जात आहे ही," त्र्यंबक म्हणाला. अप्पा खुर्चीतून उठायला लागले, तेव्हा त्यानं डब्यात उरलेल्या मला उचललं आणि पाठ वळवून माझे पाय गोंदानं फुलावर चिकटवले. मी सुटण्यासाठी पंख झाडत होतो. कॅमेऱ्याला तेच पाहिजे होतं. अप्पांनी त्र्यंबकच्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, पुढं तुमच्या आईवडिलांनी थिएटरात त्याच प्रसंगाला टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक एकटाच आला. आदल्या दिवसाचा सल त्याच्या मनात राहिला होता. त्यानं शेतातून खरं कारळ्याचं फूल आणलं होतं. ते त्यानं माझ्या शेजारी टेकवून ठेवलं. अख्खं शेत माझ्यासमोर आल्यासारखं झालं. मध बोटभर अंतरावर होता. मी सोंड लांब केली, ती पोचली नाही.

त्र्यंबक बराच वेळ दोन्ही फुलांकडे आळीपाळीनं बघत राहिला. पाकळ्या मोजल्या, रंग उन्हात धरून पाहिला. मग पिराजीला बोलावून विचारलं, काही फरक दिसतो का.

पिराजीनं मन लावून बघितलं. "न्हाय मालक. दोन्ही सारखीच हायत की."

त्र्यंबकच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं खरं फूल केरात टाकलं, माझ्या फुलावरची धूळ फुंकली आणि आम्हा दोघांना काचेखाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत मी जिवंत होतो. पाहुण्यांना तो अजून सांगतो, की हे आपण होऊन आलं आणि उठायलाच तयार नव्हतं.

आता शेवटी मी काहीतरी मागावं अशी तुमची अपेक्षा असेल. आमची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. आमच्यावर प्रेमही करू नका. तुम्हाला आवडलो की आमचं काय होतं, ते मी इथं बसून रोज बघतो. आमच्या वाटेला जाऊ नका, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.